एका अक्षराची खेप

आमच्या घरी पहिला मोबाइल आला, तेव्हा त्याला राहायला जागा मिळाली ती चुलीजवळच्या खिडकीत. आख्ख्या घरात रेंज यायची ती तेवढ्या वीतभर जागेत. मायनं त्याला जुन्या ब्लाउजपिसाची थैली शिवली होती आणि ती खिळ्याला टांगलेली असायची. फोन वाजला की माय भाकर थापता थापता म्हणायची, "पोट्टे, वाजून राह्यला पाय," आणि मी हातातलं काम टाकून धावायची. खिडकीच्या गजाला डोकं टेकवून एका कानानं फोन ऐकायचा, आणि दुसऱ्या कानाशी मायची भाकर थप थप चालूच. फोनवर बोलायचं खातं माझ्याकडं होतं. आदिलाबाद जिल्ह्यात बेल्याच्या बाजूचं आमचं गाव, तेव्हाच्या आंध्रातलं पण घराघरात मराठी, नदी ओलांडली की महाराष्ट्रच. बाबांना तेलुगू येत नव्हतं, हिंदीवर त्यांचं भागायचं. मला मात्र तेलुगू येतं असा सगळ्या घराचा समज होता, आणि सगळ्यांत जास्त माझा. आदिलाबादला ज्युनिअर कॉलेजात दोन वर्षं काढली होती, मैत्रिणींच्या डब्यातलं खाऊन त्यांच्याशी तेलुगूत भांडता येईल एवढी मजल गेली होती. भांडता आलं म्हणजे भाषा आली असं मला वाटायचं. आता सांगायला हरकत नाही, की निम्मं मला समजायचं आणि निम्मं मी ठोकून द्यायची.

बाबांनी ट्रकला ट्रक कधीच म्हटलं नाही. 'गाडी' म्हणायचे, आणि 'आपली गाडी' म्हणताना त्यांचा आवाज जरा खाली यायचा, देवघरात बोलावं तसा. बारा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवून, मालकांच्या शिव्या खाऊन त्यांनी ती घेतली होती. कापूस वजनाला हलका पण जागा फार खातो, म्हणून हौद्याच्या चारी बाजूंना उंच लाकडी फळ्या चढवलेल्या. लांबून पाहिलं की एखादं घरच चाकांवर चाललंय असं दिसायचं. हंगामात बेल्याकडच्या गावांतला कापूस भरायचा आणि आदिलाबादच्या जिनिंगला, सरकी काढायच्या कारखान्याला, टाकायचा, हा त्यांचा ठरलेला धंदा. लोखंड, सिमेंट, गिट्टी यांना त्यांनी कधी हौद्यात पाय ठेवू दिला नाही. अमावास्येला गाडी धुवायची, लिंबू-मिरची बदलायची, माय बोनटला हळदकुंकू लावायची. त्या दिवशी गाडीजवळ चप्पल घालून गेलं की मी बोलणी खायची.

मग मंदी आली. कुठंतरी परदेशात बँका बुडाल्या म्हणे, सुताला गिऱ्हाईक राहिलं नाही, आणि त्याचा धक्का आमच्या गावात असा पोचला की जिनिंगच्या फाटकाला ऐन हंगामात कुलूप लागलं. ते मोठे लोक तिकडं काय करत होते आम्हाला काही ठाऊक नव्हतं. आम्हाला एवढंच दिसत होतं की आदिलाबादच्या रस्त्यावर ट्रकांची लांबच लांब रांग उभी आहे आणि चाकांखाली गवत उगवून वाळलंय. ज्याची एकच गाडी, त्याचं सगळ्यांत वाईट. मोठ्या कंपन्यांची माणसं मागचे हिशेब पुढं ढकलून बसली, पण एका गाडीवाल्याला बसून भागत नाही. प्रत्येकानं आपापलं डोकं चालवलं. एकानं हौद्यात पाण्याची टाकी बसवली आणि लग्नांना पाणी पुरवू लागला. एकानं गाद्या अंथरून वऱ्हाडं न्यायला सुरुवात केली. त्या वऱ्हाडातली माणसं उतरली की सगळ्यांच्या कपड्यांना, मिशांना, वेण्यांना कापसाचे तंतू चिकटलेले असत. बाबांचे जिवलग दोस्त गजाननकाका, त्यांनी तर कमालच केली. आदिलाबादच्या चौकात गाडी लावली, मागचं फळकूट खाली पाडलं आणि त्यावर टरबुजं मांडून विकायला बसले.

बाबा त्यांना चिडवायला मुद्दाम गेले होते. मी सोबत होते. "गजा, गाडी चालवून राह्यला का दुकान?" काकांनी टरबुजाची एक फोड कापून बाबांच्या हातात ठेवली. म्हणाले, "नामदेवा, उभी गाडीबी मालकाचं खातेच. म्या तिले कमावती केली. तू तुह्या गाडीची पूजाच करत बस." बाबा हसले, फोड खाल्ली, पण दुसरी घेतली नाही. त्यांचं एकच म्हणणं असायचं, आपली गाडी कापसाची आहे. त्यावर माय चुलीत फुंकर घालता घालता एवढंच म्हणायची, "मंग कापसाले सांगा, ये म्हणून." तेव्हा मला माय दुष्ट वाटायची. आता तिच्या वयाच्या जवळ आले तेव्हा कळतं की रोज संध्याकाळी कमी होत जाणारं पीठ तीच मापत होती.

अशात भैंसा गावचे एक शेठ आले. जुन्या गाड्या घ्यायच्या, कापून विकायच्या किंवा रंग देऊन पुढं लावायच्या, हा त्यांचा व्यापार. माणूस वाईट नव्हता. चहा प्याला, मायच्या हातच्या चहाचं कौतुक केलं, गाडीच्या फळ्यांवर हात फिरवून म्हणाला, "नामदेवराव, लेकरासारखी ठेवली तुम्ही." आणि लगेच म्हणाला की या फळ्या मात्र आधी काढून टाकाव्या लागतील. बाबांनी विचार करून सांगितलं, "सोमवारी या. तोवर भाडं लागलं तर लागलं. नाई लागलं तर गाडी तुमची." शेठ गेले. रात्री जेवताना बाबांनी आम्हाला सांगितलं की गाडी गेली की ते हैदराबादला जातील, तिथं कुणाच्यातरी गाडीवर ड्रायव्हरची नोकरी मिळते. मायचा हात पातेल्यातच थांबला.

"तुमी आता परत दुसऱ्याची गाडी चालवान?"

"चालवीन. काऊन, चालवली नाई का?"

"चालवली ना. मी पाह्यलं हाय तुमचं तोंड त्या वक्ती."

बाबांनी ताट पुढं सरकवलं आणि उठले. अंबाडीची भाजी तशीच राहिली. बाबांचा शब्द म्हणजे शब्द, तो मागं घ्यायचा प्रकार आमच्या घरात नव्हता, त्यामुळं सोमवार आता खरोखरच सोमवार होता. आणि मी, जी घरात सगळ्यांत जास्त बोलायची, त्या रात्री अंथरुणात तोंड खुपसून रडले. मला तो ट्रक माणसासारखा आवडत होता, आणि तो कापून विकला जाणार होता.

गुरुवारी सकाळी फोन वाजला. माय भाकरी करत होती. मी गजाला डोकं टेकवलं. पलीकडून कुणीतरी माणूस घाईघाईनं तेलुगूत बोलत होता, आवाज कधी यायचा कधी बुडायचा. नाव लिंगय्या, गाव बेज्जूरच्या अलीकडचं, एवढं मला समजलं. आणि मग तो स्पष्ट म्हणाला, "गड्डि कावालम्मा. रेपु पंपंडि." कावाली म्हणजे पाहिजे, रेपु म्हणजे उद्या, पंपंडि म्हणजे पाठवा. गाडी पाहिजे, उद्या पाठवा! मी फोन तसाच हातात धरून अंगणात पळाले. "बाबा, भाडं लागलं. बेज्जूरकडून. उद्या बोलावलं." माल काय, कुठं टाकायचा, काहीही विचारलं नाही. बाबांनी विचारलं, "नंबर कुठून भेटला त्याले?" मी म्हटलं, गाडीच्या मागं तर लिहिलेला आहे. मायनं चुलीवरची भाकर करपू दिली, तिच्या हातून असं कधी होत नसे.

शुक्रवारी उजाडताना आम्ही निघालो. तेलुगू बोलायला म्हणून मी केबिनमध्ये बाबांच्या शेजारी, हातात मायनं बांधून दिलेल्या भाकरी, ठेचा आणि कांदा. आदिलाबाद, तिथून उतनूरचं जंगल, आसिफाबाद, कागजनगर, आणि पुढं नदीच्या बाजूला बेज्जूर. तेव्हा हे सगळं एकाच जिल्ह्यात होतं. साग उघडे पडलेले, पळस पेटलेला, आणि मोहाचा वास केबिनभर. रिकामी गाडी खड्ड्यात आदळली की फळ्या खडखडायच्या. बाबा त्या दिवशी गात होते. मी त्यांना गाताना त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि सांगायला हवं की ते बेसूर गात होते. मी खिडकीबाहेर हात काढून बसले होते आणि मला वाटत होतं की हे सगळं माझ्यामुळं झालं.

दुपार टळायच्या आत गाव आलं. वेशीवरच लिंगय्या उभा होता, तिशीतला, अंगात बनियन, सोबत आठदहा माणसं. ट्रक दिसताच ती माणसं धावत आली. बाबांनी हात उंचावला. लिंगय्या चाकावर पाय देऊन फळ्यांवरून आत डोकावला. मग खाली उतरला, मागं गेला, फळकुटाच्या फटीतून पाहिलं. मला म्हणाला, "गड्डि एदी?" गड्डी कुठाय. मी ऐटीत ट्रकवर थाप मारली आणि म्हटलं, "इदे." हीच. तो परत आत डोकावला. त्याला वाटलं असावं, कुठं कोपऱ्यात असेल. मग त्यानं बाजूच्या गोठ्याकडं बोट केलं, जिथं एक म्हैस रिकाम्या गव्हाणीचं लाकूड चाटत होती, आणि मला समजेल अशा सावकाश तेलुगूत तोच शब्द परत म्हटला.

तेलुगूत गड्डि म्हणजे गवत. चारा. हे मला त्या क्षणी आठवलं. कॉलेजच्या मैदानात मैत्रिणी ज्याच्यावर बसायच्या ती गड्डि. दोन वर्षं मी त्याच गड्डीवर बसून डबे खाल्ले होते. मागच्या उन्हाळ्यात बाबांनी नात्याखातर, एकदाच, कागजनगरला आमच्या एका नातेवाइकाकडं कडब्याची एक खेप टाकली होती. लिंगय्यानं तो भरलेला ट्रक पंपावर पाहून मागचा नंबर लिहून ठेवला होता. त्याला वाटलं, हा चारा विकणारा माणूस.

"काय म्हणून राह्यला तो?" बाबांनी विचारलं. मी म्हशीकडं बघत राहिले. "सांग ना व." मग मी सांगितलं, की त्याला गाडी नको आहे, चारा पाहिजे आहे, आणि चूक माझी आहे. बाबा शेजारच्या पाण्याच्या हौदावर गेले, तोंड धुतलं, उपरण्यानं पुसलं आणि चिंचेच्या सावलीत जाऊन बसले. टाकीतलं शेवटचं डिझेल इथवर येण्यात संपलं होतं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या, दोन चापट्या मारल्या असत्या, तर मला इतकं लागलं नसतं. शरम म्हणजे काय ते मला त्या चिंचेखाली कळलं, आणि आजही ऑफिसात फोनवर कुणी काही मागितलं की मी तीनदा विचारून घेते. माझी पोरं हसतात, हसू देत.

तेवढ्यात लिंगय्याची आई, राजव्वा, बाहेर आली. लिंगय्यानं तिला झालेला घोटाळा सांगितला. ती म्हातारी मटकन खाली बसली आणि हसायला लागली. पदर डोळ्याला लावून, हलून हलून हसत होती. 'गाडी' म्हणायची आणि हसायची, 'गड्डि' म्हणायची आणि हसायची. मग गावातल्या बायका हसायला लागल्या, मग लिंगय्या. शेजारची एक बाई मला म्हणाली की महिन्याभरात राजव्वा आज पहिल्यांदा हसली. गावचं तळं आटलं होतं, भात लावलाच गेला नव्हता, त्यामुळं पेंढा नाही. घरोघरी म्हशी, दूध कागजनगरला जायचं, त्यावर गाव जगायचं. आता म्हशी न्यायला व्यापारी येऊन बघून गेला होता. म्हणजे आमच्याकडं शेठ आणि यांच्याकडं हा, असा प्रकार होता.

राजव्वानं आम्हाला ओसरीवर बसवून भात वाढला आणि वर चिंचेचं गार, तिखट पाणी, ज्याला ते पच्ची पुलुसु म्हणतात. बाबा जेवत होते, पण त्यांची नजर त्या म्हशींवर होती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी जनावरं. निम्मा भात झाला आणि बाबा थांबले. "सुनंदे, इचार त्याले. गावात म्हशी किती?" मी विचारलं, सांगितलं. "अन् दुसऱ्या गावाईत?" तिथंही तेच. बाबा हात धुवायला उठलेच नाहीत, तसेच उष्ट्या हातानं बोलत राहिले. "आपल्या गावात कडब्याचे ढीग पडले हायेत. कापसाच्या भीतीनं यंदा अर्ध्या गावानं ज्वारी पेरली. अन् बैल कुठं राह्यले, सारे ट्रॅक्टरवाले. आपला शेजारी देवराव तर परवा म्हणत होता, वावर मोकळं कराले पेटवून देतो म्हणून." मग ते माझ्याकडं न बघता ट्रककडं बघत म्हणाले, "कडबा कापसासारखाच. वजन नाई, जागा खाते. या फळ्या कायले काढाच्या? या फळ्याच तर पायजे." त्यांचा चेहरा मी पाहत होते. चार महिन्यांत तो असा दिसला नव्हता.

रविवारी चारा आणतो, असं बाबांनी सांगितलं आणि मी, या वेळी प्रत्येक शब्द दोनदा तपासून, तेलुगूत सांगितलं. लिंगय्यानं कागजनगरपर्यंत एका मोटारसायकलवाल्याला पिटाळून दोन मोठे कॅन भरून डिझेल आणवलं, आमच्या टाकीत ओतलं आणि भाड्यातले थोडे पैसेही विश्वासावर बाबांच्या हातात ठेवले. निघताना राजव्वा मला गोठ्याच्या मागं घेऊन गेली. तिथं शेणाचा उकिरडा होता, घराएवढा उंच, दोनतीन वर्षांचा, काळाभोर कुजलेला. म्हणाली, चारा आणाल आणि जाताना गाडी रिकामी न्याल का? हे घेऊन जा. आमच्या इथं याला कुणी विचारत नाही. मी बाबांना सांगितलं. बाबांनी नाक मुरडलं. "माह्या गाडीत शेण? सांग तिले, नाई म्हणून."

आणि मी राजव्वाला तेलुगूत सांगितलं, "हो म्हणतायत. रविवारी नेतो."

पहिली चूक माझ्याकडून झाली होती. ही मी केली. आमच्या गावची काळी जमीन खतासाठी तोंड उघडून बसलेली मी रोज पाहत होते; देवरावमामा बैल विकल्यापासून शेणखताच्या नावानं रडत होते. आणि खरं कारण सांगायचं तर बाबांनी परत येतानाही गावं असं मला वाटत होतं, आणि रिकाम्या गाडीनं परतताना ते गाणार नव्हते.

शनिवारी आमच्या गावात जत्रा असल्यासारखं वातावरण होतं. देवरावमामा म्हणाले, "घेऊन जा. मले वावर मोकळं पायजे, बाकी मंग पाहू." पेंढ्या रचायला बाबांनी जिनिंगच्या मेहबूबचाचांना बोलावून आणलं. कापूस भरण्यात त्यांच्यासारखा मुकादम जिल्ह्यात नव्हता, आणि तेही फाटक बंद झाल्यापासून घरी बसून होते. ते वर चढले, एक पेंढी पायानं दाबून पाहिली, परत खाली उतरले आणि विडी पेटवली. "नामदेव, कपास को पाँव से दबाते. इसको आँख से दबाना पडता." मग बुडखे बाहेर, शेंडे आत, एक थर आडवा, एक उभा, असं रचत रचत त्यांनी तो भार फळ्यांच्याही वर इतका नेला की गावातली पोरं मान मागं टाकून बघत होती. मायनं सगळ्यांसाठी झुणका-भाकर केली, आणि कुणी न सांगता बोनटला हळदकुंकू लावलं. अमावास्या नव्हती. बाबांनी पाहिलं आणि पायातली चप्पल बाजूला काढून ठेवली.

रविवारचा तो प्रवास मी अजून विसरलेले नाही. वर विजेची तार आली की बाबा गाडी थांबवायचे, मी उतरून लांब बांबूनं तार उचलून धरायची, आणि कडब्याचा तो डोंगर हळूहळू खालून जायचा. उतनूरच्या वळणांवर बाबांनी एकदाही घाई केली नाही. गाव जवळ आलं तेव्हा वाऱ्याबरोबर वास पुढं गेला असावा, कारण वेशीच्या आधीच म्हशी ओरडायला लागल्या. एक, मग दहा, मग सगळं गाव. लिंगय्या दोर सोडायलाही थांबला नाही, वर चढून पेंढ्या उपसायला लागला. राजव्वानं पहिली पेंढी आपल्या हातानं त्या गव्हाण चाटणाऱ्या म्हशीपुढं टाकली आणि तिच्या गळ्यात हात टाकून उभी राहिली. मला रडू आलं. बाबांना पण आलं असावं, कारण ते उगाच टायर तपासायला गेले.

त्या रात्री आम्ही राजव्वाच्या ओसरीवर झोपलो. सकाळी डोळे उघडले तर ट्रकमागं वीसेक बाया टोपल्या घेऊन उभ्या, आणि हौद्यात शेणखताचा गुडघाभर थर पडलेलाही. बाबा दातवण हातात धरून ते बघत होते.

"हे काय होय?"

"त्यांचं खत."

"मी नाई म्हणलो होतो ना?"

"हो."

"मंग तू तिले काय सांगतलं?"

मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. बाबांचा आवाज वाढला. असं कसं केलंस, गाडीची लाज घालवलीस, तुला भाषा येते म्हणून तू माझ्या तोंडातले शब्द बदलशील का, असं बरंच काही बोलले, आणि सगळं खरं होतं. राजव्वाला त्यातलं एक अक्षर समजत नव्हतं. ती टोपली डोक्यावर घेऊन दोघांकडं बघत होती. मग तिनं मला हळूच विचारलं, कमी पडतंय का, आणखी टाकू? मी ते बाबांना सांगितलं. मग त्यांनी दातवण फेकलं, धोतर खोचलं आणि एका बाईच्या डोक्यावरची टोपली घेतली. "शब्द म्या नाई देल्ला," ते मला म्हणाले, "पण माह्या नावानं गेला. आता मागं नाई फिरत. पण घरी चाल, मंग पाहतो तुले." त्यांनी मला घरी गेल्यावर पाहिलं नाही, त्याला कारण घडलं.

सोमवारचं ऊन कलायला लागलं तेव्हा आम्ही आमच्या शिवारात शिरलो. फाट्यावर पानटपरीपाशी बसलेली माणसं वासानं उठली. कुणीतरी ओरडलं, "नामदेवा, काय आनलं बे?" खत म्हणताच एकजण चाकावर चढला, मूठभर उचलून चुरगाळलं, नाकाशी नेलं आणि तिथूनच म्हणाला, माझा कडबा ने आणि मला पण एक खेप टाक. दुसरा म्हणाला, मला पण. तिसऱ्यानं तर सरळ केबिनचं दार धरलं. घर येईपर्यंत चारजण गाडीबरोबर चालत आले होते. स्टिअरिंगवर बाबांची बोटं ताल धरत होती.

अंगणात खाटेवर शेठ बसले होते. सकाळपासून आले होते. बाजूला त्यांचा ड्रायव्हर उभा, आमची गाडी घेऊन जायला आणलेला, हातात रुमाल गुंडाळत. माय दारात होती. तिनं शेठना पाचवा चहा दिला होता आणि दर चहाला सांगितलं होतं की येतील, येतीलच. आम्ही उतरलो. शेठनी नाकाला रुमाल लावला. "नामदेवराव, हे काय भरून आणलं? मी तर गाडी न्यायला आलो."

"भरेल गाडी कुठं विकतेत शेठ," बाबा म्हणाले. "भाडं लागलं. जातानीबी अन् येतानीबी. तुमाले नाहक तरास झाला."

शेठ उठले, ट्रकभोवती एक चक्कर मारली. मग त्यांनी नाकावरचा रुमाल काढून खिशात घातला, फळीच्या फटीतून थोडं खत ओढलं आणि बोटांत चोळलं. बराच वेळ चोळलं. "जुनं दिसतंय. म्हशीचं?" बाबांनी मान हलवली. "माझं हळदीचं वावर आहे नदीकाठी. पंधरा दिवसांपासून खत शोधतोय. बुधवारी एक खेप टाकाल का?"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्या चारजणांकडं पाहिलं, जे अंगणात आपापली जागा धरून उभे होते. चार महिने ज्या माणसाला कुणी भाडं विचारलं नव्हतं, तो माझा बाप छाती भरून श्वास घेऊन म्हणाला, "बुधवारी जमत नाई शेठ. गाडी पुढच्या सोमवारपर्यंत गुंतली हाय. त्याच्यानंतर पाहू."

मायनं तोंडाला पदर लावला आणि घरात गेली. बाबा केबिनमागून फावडं घेऊन आले, आणि गाडी न्यायला आलेला तो ड्रायव्हर अजून तसाच उभा होता, त्याच्या हातात दिलं. "आलाच हायेस तं बस गाडीत," म्हणाले. "देवरावच्या वावरात उतरवाचं हाय." त्यानं शेठकडं पाहिलं, शेठनी मान डोलावली, आणि तो गुपचूप मागं हौद्यात चढून खतावर बसला.